इशारा कोणाच्या पासपोर्टसाठी?

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या नागरिकांसाठी भारताबद्दलची प्रवास-सूचना नव्याने काढली. चार पायऱ्यांपैकी भारत दुसऱ्या पायरीवर: जास्त सावध राहा. कारणं दोन, गुन्हे आणि दहशतवाद. एकट्याने फिरू नका, बाई असाल तर नकोच. जम्मू-काश्मीरला जाऊ नका, पण लेह आणि पूर्व लडाखला हरकत नाही. मणिपूर नको. पाकिस्तानच्या सीमेलगत नको. आणि माओवादी असल्यामुळे पूर्व महाराष्ट्रापासून पश्चिम बंगालपर्यंतच्या पट्ट्याबद्दलही इशारा. अमेरिकी सरकारच्या कर्मचाऱ्यांना तिथे जायचं तर आधी परवानगी घ्यावी लागेल.

आपल्याकडे यावर संताप व्हायचा तो झालाच. यांच्या शाळांमध्ये गोळीबार होतात आणि हे आम्हाला शिकवणार, हा एक सूर. दुसरा जरा हळू, आणि बहुतेक बायकांचा: यात खोटं काय लिहिलंय? मला दोन्ही सूर कळतात. पण विदर्भातल्या माणसाला जो प्रश्न पडेल तो या दोन्हींपेक्षा कामाचा आहे. पूर्व महाराष्ट्र म्हणजे नेमका कुठला हो?

कारण पूर्व महाराष्ट्रात नागपूर आहे, ताडोबा आहे आणि गडचिरोलीतलं भामरागडही आहे. ताडोब्यात वाघ बघायला परदेशी पाहुणे दर मोसमात येतात. गडचिरोलीत १ मे २०१९ ला, ऐन महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान गेले. त्याच जिल्ह्यातल्या हेमलकशाला त्याआधीही आणि त्यानंतरही महाराष्ट्रभरातून लोक जात राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीतच मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. तालुक्यागणिक आणि वर्षागणिक बदलणारी ही सगळी परिस्थिती त्या सूचनेत दोन शब्दांत बसवलेली आहे. स्थानिक माणूस ती सहज सुटी करून घेतो. कुठल्या रस्त्याने, किती वाजता, कोणाच्या गाडीतून, असं तो विचारतो. सुरुंग पोलिसांच्या गाडीसाठी पेरलेला असतो हे त्याला माहीत असतं, आणि त्या हिशेबाने तो आपली गाडी ठरवतो.

गंमत अशी की हाच माणूस इराण, श्रीलंका किंवा थायलंडचं नाव निघालं की हा सगळा हिशेब विसरतो. मग देश एक तर ‘एकदम सेफ’ असतो, नाही तर ‘नको रे बाबा’.

‘तो देश सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला उत्तरच नसतं, म्हणून तो विचारण्यात अर्थ नाही असं माझं मत आहे. तिथली हिंसा कोणावर रोखलेली आहे, ती भडकली तर मला बाहेर पडता येईल का आणि झालेला तोटा कोणाच्या खिशातून जाईल, हे विचारलं तर काही हाती लागतं. यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर वर्तमानपत्र वाचणारा माणूस स्वतः शोधू शकतो. उरलेले दोन एकट्या प्रवाशाच्या आवाक्यातले नाहीत. तिथे आपल्या सरकारचं काम सुरू होतं, आणि ते अर्धवट राहिलेलं आहे.

हिंसा कोणावर रोखलेली आहे, याची श्रीलंकेइतकी बोलकी गोष्ट दुसरी नाही. तिथे २५-२६ वर्षं यादवी युद्ध चाललं. उत्तर आणि पूर्व भाग जळत होता, कोलंबोत स्फोट होत होते, तरी दक्षिणेच्या किनाऱ्यावर युरोपातले लोक सुट्टी घालवून जात होते. त्या युद्धात पर्यटक बाजूला उभा असलेला बघ्या होता. २००९ मध्ये युद्ध संपलं. पुढे दहा वर्षं शांततेची गेली, आणि २१ एप्रिल २०१९ च्या ईस्टरच्या सकाळी तीन चर्च आणि कोलंबोतली तीन पंचतारांकित हॉटेलं आत्मघाती हल्लेखोरांनी उडवली. अडीचशेहून अधिक माणसं मेली, त्यांत अकरा भारतीय होते. हॉटेलात नाश्ता करणारा पाहुणा आता लक्ष्य झाला होता. युद्धकाळापेक्षा शांततेच्या काळातली ती एक सकाळ पर्यटकासाठी जास्त घातक ठरली.

बैसरनलाही तेच झालं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या त्या कुरणावर २६ जण मारले गेले, त्यांतले सहा महाराष्ट्रातले. डोंबिवली, पनवेल, पुणे ही नावं आपल्याला सांगावी लागत नाहीत. काश्मीरमध्ये त्याआधी अनेक वर्षं गोळी बहुतेक वेळा जवानांवर, पोलिसांवर, स्थानिकांवर, बाहेरून आलेल्या मजुरांवर चालत होती. पर्यटकाला हात लावत नाहीत, त्यांच्याही पोटाचा प्रश्न आहे, हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि बऱ्याच जणांनी दुसऱ्याला ऐकवलंय. त्या दुपारी ते खोटं ठरलं. मग अमेरिकेची सूचना बरोबर होती का? ती वर्षानुवर्षं ‘जाऊ नका’ असंच सांगत होती, आणि त्या सगळ्या वर्षांत लाखो भारतीय तिथे जाऊन सुखरूप परतले. सदैव पेटलेला लाल दिवा कधी थांबायचं हे सांगू शकत नाही. लोक त्याकडे बघणंच सोडून देतात, आणि त्यात लोकांचा दोष थोडा.

यावर हमखास येणारा युक्तिवाद रस्त्यांचा. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. मग कोलंबोला किंवा तेहरानला जायला घाबरता कशाला, घरून विमानतळावर जाणंच जास्त धोक्याचं. आकडा खरा आहे आणि युक्तिवाद अर्धा खरा आहे. रस्त्यावरचा धोका रोज थोडा थोडा वाटून येतो, त्याला हेल्मेट आणि पट्टा हे उपाय आहेत, आणि तो मागच्या वर्षी जेवढा होता साधारण तेवढाच या वर्षी असतो. राजकीय हिंसा अशी वाटून येत नाही. वर्षभर शून्य असते आणि एका आठवड्यात सगळी कोसळते. तिची सरासरी काढून काही कळत नाही. मात्र या युक्तिवादाचा उलटा उपयोग जरूर करावा: फुकेतला किंवा बालीला परवान्याशिवाय भाड्याची स्कूटर उडवणारा मुलगा बॉम्बच्या बातम्यांना घाबरत असेल, तर त्याची भीती चुकीच्या जागी आहे.

दुसरा युक्तिवाद टूरवाल्यांचा आवडता. हल्ला झाल्यावरचे महिने सगळ्यांत सुरक्षित, सगळीकडे बंदोबस्त असतो आणि हॉटेलं निम्म्या भावात. श्रीलंकेत तो खरा निघाला. मे २०१९ मध्ये तिथे येणाऱ्या पर्यटकांची संख्या आदल्या वर्षीच्या मेच्या तुलनेत सत्तर टक्क्यांनी घसरली. जे गेले त्यांना मोकळे किनारे मिळाले, आणि पुन्हा तसा हल्ला झाला नाही. पण ट्युनिशियातही लोकांनी असाच हिशेब केला असेल. १८ मार्च २०१५ ला राजधानीतल्या बार्दो संग्रहालयावर हल्ला होऊन वीसहून अधिक माणसं मेली, बहुतेक परदेशी पर्यटक. सूसचा समुद्रकिनारा तेव्हा ब्रिटनच्या ‘जाऊ नका’च्या यादीत नव्हता. २६ जूनला, म्हणजे शंभरएक दिवसांत, त्याच किनाऱ्यावर एका बंदूकधाऱ्याने ३८ जणांना मारलं. त्यांतले तीस ब्रिटिश. ब्रिटनने ‘अत्यावश्यक असल्याशिवाय जाऊ नका’ हे जुलैत सांगितलं, आणि ती बंदी पुढे दोन वर्षं ठेवली. एकदा घडलं म्हणजे आता घडणार नाही, हा दिलासा भूकंपालाही लागू नाही आणि माणसाच्या कटाला तर नाहीच. बंदोबस्त वाढला का, हल्लेखोरांची साखळी पकडली गेली का, हे विचारावं. श्रीलंकेत काही आठवड्यांत धरपकड झाली. ट्युनिशियात शेजारच्या लिबियातले तळ तसेच राहिले.

आता बाहेर पडण्याचा प्रश्न. मला स्वतःला तो हल्ल्याच्या शक्यतेपेक्षा मोठा वाटतो, आणि त्याबद्दल आपण सगळ्यांत कमी बोलतो.

सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात काठमांडूला निघालेल्या कोणालाही इशारा नव्हता. सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातल्याची बातमी होती, इतकंच. ८ तारखेला तरुण रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात एका दिवसात १९ जण मेले. ९ तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, सिंहदरबार हे सरकारी मुख्यालय पेटलं, मोठी हॉटेलं पेटली आणि त्रिभुवन विमानतळ बंद झाला. पर्यटकांशी कोणाचं वैर नव्हतं, तरी हॉटेलच्या आगीतून सुटताना एक भारतीय पर्यटक महिला दगावली. नेपाळमध्ये एक गोष्ट मात्र भारतीयांच्या बाजूने होती: सीमा उघडी, व्हिसा नाही, आणि विमान नसेल तर सुनौली-रक्सौलकडे जाणारा रस्ता. जर्मन पर्यटकाला तिथे जेवढा धोका होता तेवढा नागपूरच्या पर्यटकाला नव्हता, कारण जर्मन माणसाचं दार एकच होतं आणि ते बंद झालं होतं.

इराणमध्ये उलट. १३ जून २०२५ ला इस्रायलने हल्ले सुरू केले आणि हवाई हद्द बंद झाली. भारतीय विद्यार्थ्यांची पहिली तुकडी उर्मियाहून जमिनीच्या मार्गाने आर्मेनियात आणि तिथून विमानाने दिल्लीत आली. नंतर इराणने मशहदहून खास विमानांना वाट दिली. ‘ऑपरेशन सिंधू’मध्ये इराण आणि इस्रायल मिळून चार हजारांहून अधिक माणसं परत आणली. दूतावासाने केलेल्या कामाबद्दल कौतुक करावं तेवढं थोडं. पण बारकाईने पाहिलं तर तेहरानहून कोमला, तिथून मशहदला अशा बसच्या प्रवासात तरुण मुलं तगली. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या आई-वडिलांना घेऊन इस्फहानचे पूल बघायला गेलेल्या माणसाने तो रस्ता कसा काढला असता? धोका एकट्या देशाचा नसतो, देश आणि प्रवासी अशा जोडीचा असतो.

युक्रेनने तर हे महाराष्ट्राच्या घराघरांत आणून ठेवलं. १५ फेब्रुवारी २०२२ ला कीव्हमधल्या आपल्या दूतावासाने सूचना काढली: भारतीयांनी, विशेषतः ज्यांचा मुक्काम अत्यावश्यक नाही अशा विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करावा. आक्रमण सुरू झालं २४ तारखेला. मधल्या नऊ दिवसांत वैद्यकीयच्या मुलांनी काय करायचं होतं? कॉलेज म्हणत होतं वर्गात हजर राहा, गैरहजेरीला पैसे मोजा. तिकिटांचे दर दुपटी-तिपटीने वाढलेले. आणि हातात जे पत्र होतं ते म्हणत होतं ‘विचार करावा’. ज्याच्या बापाने शेत गहाण ठेवून फी भरली आहे, त्याचा मुक्काम अत्यावश्यक की अनावश्यक? त्या पत्रात ‘निघा’ असा स्पष्ट शब्द असता, एखादी ठरलेली पायरी असती, तर ती कॉलेजच्या तोंडावर ठेवता आली असती, कर्ज देणाऱ्या बँकेला दाखवता आली असती. पुढे ‘ऑपरेशन गंगा’त सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आले. मोहीम मोठी झाली याचं एक कारण इशारा पुळचट होता, असं मी म्हणतो. हे कठोर वाटेल, पण त्या नऊ दिवसांत विमानतळ उघडे होते.

आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालय प्रसंग पडेल तशा सूचना काढतं, काही मंत्रालयाच्या नावाने, काही त्या त्या दूतावासाच्या. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांच्यासारखी प्रत्येक देशाची, ठरलेल्या पायऱ्यांची, कायम चालू असलेली यादी आपल्याकडे नाही. परिणाम असा होतो की पुण्यातला माणूस उझबेकिस्तान किंवा जॉर्डनला जायच्या आधी गूगल करतो आणि अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं पान वाचतो. दुसऱ्याच्या चष्म्याने वाचतो म्हणा ना. इराण अमेरिकेच्या यादीत चौथ्या पायरीवर आहे, आणि त्याचं एक मोठं कारण अमेरिकी नागरिकांना, त्यातही दुहेरी नागरिकत्व असणाऱ्यांना, तिथे पकडून डांबतात हे आहे. भारतीय पासपोर्टवाल्याला ते भय जवळजवळ नाही. त्याचं भय वेगळंच निघालं. इराणने फेब्रुवारी २०२४ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला. मे २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाला पोचवतो असं एजंटने सांगितलेले पंजाबचे तीन तरुण तेहरानमध्ये उतरले आणि खंडणीसाठी पळवले गेले. असे प्रकार वाढल्यावर नोव्हेंबरमध्ये इराणने ती सवलतच थांबवली. म्यानमार, कंबोडिया, लाओसमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांचंही तेच. बँकॉकमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून मुलं जातात आणि सीमेपलीकडे कोंडली जातात. महाराष्ट्र सायबर विभागाने २०२५ मध्ये साठहून अधिक जणांना म्यानमारमधून सोडवून आणलं. हा धोका ब्रिटिश निवृत्त जोडप्यासाठी लिहिलेल्या पानावर ठळक कशाला असेल? तो आपला आहे. तो मराठीत, पंजाबीत, तेलुगूत लिहिलेला असायला हवा.

असं नेमकं लिहिणं आपल्याला जमतच नाही असंही नाही. जुलै २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर तोफा चालल्या तेव्हा बँकॉकच्या दूतावासाने थाई पर्यटन खात्याचा हवाला देऊन सात प्रांतांची नावं दिली. त्यात पटाया नव्हतं, फुकेत नव्हतं. त्राट होतं, ज्यात कोह चांग बेट येतं. ‘थायलंडला जाऊ का?’ असं विचारणाऱ्याला त्या एका यादीने उत्तर दिलं. अशी प्रांतवार यादी कायम असावी, पायऱ्या असाव्यात, आणि प्रत्येक पायरीला फेरविचाराची तारीख असावी, एवढीच मागणी आहे.

याला दोन आक्षेप येतात. एक, शेजाऱ्यांशी संबंध. बांगलादेशला तिसऱ्या पायरीवर ठेवलं तर ढाका नाराज होईल. आखातातल्या देशांबद्दल तर कोणी लिहिण्याचं धाडसच करणार नाही. हे होईल. अमेरिका आपल्याला दुसऱ्या पायरीवर ठेवते, आपण नाराज होतो, आणि दोन दिवसांनी व्यापाराच्या वाटाघाटी पुढे चालू होतात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मे २०१४ मध्ये ब्रिटनने केनियातल्या मोंबासाबाबत इशारा दिला, टूर कंपन्यांनी चारशेच्या आसपास पर्यटकांना सुट्टी अर्धवट सोडून परत नेलं आणि विमानं बंद केली. किनाऱ्यावरची हॉटेलं ओस पडली, वाढपी आणि बोटवाले घरी बसले, आणि इशारा उठायला वर्षाहून जास्त काळ गेला. एका ओळीने हजारोंचा पगार जातो. म्हणूनच फेरविचाराची तारीख हवी आणि देशाऐवजी प्रांत हवा. ढोबळ आणि कायमचा इशारा त्या बोटवाल्याला मारतो आणि प्रवाशालाही काही शिकवत नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. ब्रिटनमध्ये सरकारने ‘जाऊ नका’ म्हटलं की व्यवहारात ती रेघ होते: पॅकेज टूर घेतलेल्याला पूर्ण पैसे परत मिळतात, आणि इशारा डावलून गेलेल्याचा विमा बहुधा गळून पडतो. दोन्ही बाजूंना नियम माहीत असतो. आपल्याकडे रेघच नाही. बहुतेक प्रवास विम्यांत युद्ध वगळलेलं असतं, टूर कंपनीच्या फॉर्मवर ‘आमच्या नियंत्रणाबाहेरील कारणांसाठी’ असं एक वाक्य असतं, आणि बिघडलेल्या देशाची टूर रद्द करायला गेलेला माणूस कॅन्सलेशनचे पैसे कापून घेऊन, ‘पुढच्या वर्षीचं व्हाउचर’ हातात घेऊन बाहेर पडतो. त्यामुळे लोक जीव वाचवण्यापेक्षा पैसे वाचवण्यासाठी जातात. पाच जणांचे दोन-दोन लाख भरलेले असताना ‘काही होत नाही’ हे म्हणणं फार सोपं असतं. सरकारची पायरी आणि टूरचा रिफंड कायद्याने एकमेकांना जोडले, तर निम्म्या घरांतले निर्णय शहाणपणाने होतील.

मी आज श्रीलंकेला बिनघोर जाईन. थायलंडला नकाशा बघून जाईन. इराण बघायची फार इच्छा आहे, पण गेलोच तर एकटा, परतीच्या दोन वाटा डोक्यात ठेवून. घरातल्या म्हाताऱ्यांना आणि लहानांना घेऊन नाही, कारण माझ्या हौसेचा धोका त्यांनी पत्करलेला नसतो. अफगाणिस्तानात फिरून आलेल्यांचे व्हिडिओ बघताना मला मे २०२४ मधलं बामियान आठवतं, जिथे बाजारात तीन स्पॅनिश पर्यटकांना गोळ्या घातल्या. व्हिडिओ परत आलेलेच टाकतात.

आणि टूर बुक करताना काउंटरवर एक प्रश्न जरूर विचारतो: निघायच्या आदल्या आठवड्यात आपल्या दूतावासाने जाऊ नका म्हटलं, तर माझे किती पैसे परत? लेखी सांगा. आतापर्यंत याचं उत्तर ‘अहो काका, तसं काही होत नाही’ यापलीकडे गेलेलं नाही.